रो ऑपरेशन जमतं, मग अडतं कुठे?

वडोदऱ्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या अनेक मराठी मुलांच्या घरी मराठी, शाळेत गुजराती आणि आता हातात इंग्रजी पुस्तक असतं. लिनिअर अल्जिब्रा डोक्यावरून गेलं की खापर भाषेवर फुटतं. पण हीच मुलं बारावीत तीन बाय तीनचे डिटर्मिनंट धडाधड सोडवून आलेली असतात. आकडेमोड त्यांना येते. तिने काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हा प्रश्न मात्र पेपरात सहसा येत नाही, म्हणून कोणी विचारतही नाही.

एक मॅट्रिक्स घ्या: पहिली ओळ 2, 1 आणि दुसरी 1, 2. आयगेनव्हॅल्यू काढायच्या आहेत, म्हणजे मॅट्रिक्सने गुणल्यावर ज्या व्हेक्टरांची रेषा बदलत नाही ते किती पट होतात ते आकडे. दुसऱ्या ओळीतून पहिलीची निम्मी वजा केली (अशा बदलालाच रो ऑपरेशन म्हणतात) की दुसरी ओळ 0, 1.5 होते. खाली शून्य आलं, म्हणून कर्णावरचे 2 आणि 1.5 उतरवून मुलगा मोकळा. खरं उत्तर 3 आणि 1. आयगेनव्हॅल्यूंचा गुणाकार म्हणजे डिटर्मिनंट, आणि तो दोन्हीकडे 3च येतो, त्यामुळे डिटर्मिनंटवरून ताळा करणाराही फसतो. बेरीज मात्र चुगली करते: ती मूळ मॅट्रिक्सच्या कर्णाच्या बेरजेइतकी, म्हणजे 4 हवी, इथे येते 3.5. रो ऑपरेशनने उजवीकडे शून्य असलेल्या समीकरणांची उकल बदलत नाही, रँकही (स्वतंत्र ओळींची संख्या) बदलत नाही. आयगेनव्हॅल्यू आणि कॉलम स्पेस (स्तंभांपासून तयार होणारे सगळे व्हेक्टर) बदलू शकतात.

दुसरी अडचण ‘लिनिअरली इंडिपेंडंट’ची, म्हणजे एकही व्हेक्टर बाकीच्यांना आकड्यांनी गुणून आणि बेरीज करून मिळत नाही, याची. (1,1,0), (0,1,1) आणि (1,2,1) यांतले कोणतेही दोन समांतर नाहीत, म्हणून तिन्ही स्वतंत्र, असं सर्रास लिहिलं जातं. पहिल्या दोघांची बेरीज म्हणजेच तिसरा, हे दिसत नाही. व्याख्या पाठ असलेले तर वेगळ्याच खड्ड्यात पडतात: ‘सगळे गुणक शून्य ठेवले, उत्तर शून्य आलं, म्हणजे स्वतंत्र.’ तसं तर कोणत्याही व्हेक्टरांचं होतं! शून्य मिळवायचा याखेरीज दुसरा मार्ग आहे का, हा खरा प्रश्न आहे.

इथून पुढे ‘मार्कांपुरतं करून टाकू’ ही वृत्ती येते. मुलांना सगळा दोष देता येत नाही. गाउस या गणितज्ञाने एलिमिनेशन (रो ऑपरेशनने एकेक अज्ञात काढून टाकणं) वापरलं ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लघुग्रहांच्या कक्षा काढताना. व्हेक्टर स्पेसच्या, म्हणजे व्हेक्टरांची बेरीज आणि आकड्याने गुणाकार जिथे चालतो त्या संचाच्या, अटी पेआनो या गणितज्ञाने मांडल्या 1888 मध्ये. पुष्कळ पुस्तकांत मात्र या अटी आधी येतात आणि त्यांची गरज का पडली ते शेवटी, तेही वेळ उरला तर.

अभ्यासाला बसताना दोन बाय दोनचंच उदाहरण घ्यावं आणि आलेखाच्या कागदावर काढावं. वरच्या मॅट्रिक्सने (1,0) जातो (2,1) वर, म्हणजे दिशा बदलते. (1,1) जातो (3,3) वर: दिशा तीच, लांबी तिप्पट. (1,-1) जागचा हलत नाही. 3 आणि 1 कुठून आले ते इथे डोळ्यांना दिसतं. परीक्षेतही उत्तर आलं की व्हेक्टर मूळ मॅट्रिक्समध्ये घालून बघावा, एचेलॉन फॉर्ममध्ये (रो ऑपरेशनने खाली शून्यं आणलेल्या रूपात) नव्हे.