नागिणीची दोन टोके
कमरेवर नागीण उठली की घरातील वडीलधारी माणसे आजही आधी पाहतात ते हे, की तिचे तोंड आणि शेपूट एकमेकांना टेकले तर नाही ना. टोके जुळली की रोगी दगावतो, या समजुतीने कित्येकांची झोप उडवली आहे; वस्तुतः ती सहसा जुळतच नाहीत आणि त्याचे कारण आपल्या मज्जातंतूंच्या रचनेत आहे.

लहानपणी कांजिण्या येऊन जातात, खपल्या पडतात. परंतु त्यांचा विषाणू, व्हॅरिसेला झोस्टर, शरीर सोडत नाही. मज्जारज्जूलगतच्या चेतापेशींच्या गाठींमध्ये तो दशकानुदशके निपचित पडून राहतो आणि वाढत्या वयाने, कर्करोगावरील उपचारांनी किंवा स्टिरॉइडसारख्या औषधांनी प्रतिकारशक्ती उणावली, की एखाद्या गाठीतून जागा होऊन तिच्याच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या गावी दवाखाना चालवणारे डॉ. एडगर होप-सिम्प्सन यांनी आपल्या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून १९६५ साली ही उपपत्ती मांडली. कण्यापासून निघालेला प्रत्येक मज्जातंतू शरीराची एकच बाजू सांभाळतो आणि पुढे मध्यरेषेपाशी संपतो, म्हणून फोडांचा पट्टाही तिथेच थांबतो. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या रुग्णांत पुरळ क्वचित अंगभर पसरते. तो धोका मात्र खरा आहे.

फोड दिसण्याआधी एक ते पाच दिवस त्या पट्ट्यात आग होते, ठणका लागतो. डाव्या छातीत असे झाल्यास हृदयविकाराचीही शंका येते. मग लालसर कातडीवर पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस उठतात. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली, तर त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो. दूर्वा आणि तांदूळ वाटून केलेल्या लेपावर लोकांचा विश्वास बसतो, कारण फोड दोन ते चार आठवड्यांत एरवीही सुकतात. पण त्या विश्वासापायी हेच मोलाचे तीन दिवस हातचे जातात, याची मला खरोखर खंत वाटते. कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर दृष्टी धोक्यात येऊ शकते. तेव्हा त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

फोड न फोडता स्वच्छ, कोरडे आणि सैल सुती कपड्याखाली झाकलेले ठेवावेत. त्यांतील पाण्याच्या संसर्गाने दुसऱ्याला नागीण होत नाही, मात्र कांजिण्या होऊ शकतात. म्हणून सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत तान्ही बाळे आणि कांजिण्या न झालेल्या गर्भवती यांच्यापासून दूर राहावे.

सर्वांत छळणारा भाग पुढेच असतो. काही रुग्णांची, विशेषतः साठीपुढच्यांची, कातडी बरी होते, पण दुखावलेला मज्जातंतू महिनोन्‌महिने वेदनेचे संदेश पाठवत राहतो. सदऱ्याचे कापड घासले किंवा पंख्याचा वारा लागला, तरी जीव कासावीस होतो. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. डॉक्टर प्रीगाबालिन, गाबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिन देतात. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी २०२३ पासून भारतातही प्रतिबंधक लस मिळते. तिच्या दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात आणि नागीण होऊन गेलेल्यांनाही, ती पूर्ण बरी झाल्यावर, ही लस घेता येते.