गुरूएवढा मेंदू आणि अर्धी वीत

गेले वर्षभर मी ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर एक अंतराळकथा खरडतोय. आकाशगंगाभर साम्राज्य, लढाया वगैरे, आणि त्यात गुरू ग्रहाएवढं एक यंत्र, ज्याला सगळं कळतं आणि जे क्षणात निर्णय देतं. परवा ऐरोलीला भाचीला वाचून दाखवलं तर बारावी सायन्सवाली ती पोरगी म्हणाली, "मामा, एवढं मोठं असेल तर ते स्लो नाही का होणार?"

बरोब्बर पकडलं.

बघा, साधी चिप 3 गिगाहर्ट्झची धरली तर सेकंदाला 300 कोटी ठोके, म्हणजे तिच्या घड्याळाच्या टिकटिकी. एका ठोक्यात प्रकाश जातो 10 सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम अर्धी वीत, आणि त्याच्यापेक्षा वेगाने कुठलाच सिग्नल पळत नाही. आता ठाणे ते वाशी 18 किलोमीटर धरा, फायबरमध्ये प्रकाश आणखी रेंगाळतो, साधारण दोन तृतीयांश वेग, म्हणजे ठाण्याचा एक बिट (0 किंवा 1, माहितीचा सगळ्यात छोटा तुकडा) वाशीला पोचायला 90 मायक्रोसेकंद आणि तेवढ्यात वाशीच्या चिपचे 2 लाख 70 हजार ठोके होऊनही गेले! महाप्याच्या डेटा सेंटरांत एकत्र काम करणारी मशिनं खेटून ठेवतात त्याचं एक कारण हेच. गुरूचा व्यास तर 1 लाख 40 हजार किलोमीटर. या टोकाचा प्रश्न त्या टोकाला जाऊन उत्तर परत यायला जवळपास एक सेकंद, तोवर इकडच्या तुकड्याचा 300 कोटी ठोक्यांचा विचार करून झालेला. मग तो एक मेंदू राहिला कुठे?

वर उष्णता. 1961 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लँडाउअरने दाखवलं की एक बिट पुसला तरी ठराविक किमान उष्णता बाहेर पडतेच, बोल्ट्झमनचा स्थिरांक (भौतिकशास्त्रातला एक ठरलेला आकडा) गुणिले तापमान गुणिले 2 चा नैसर्गिक लॉगॅरिदम इतकी. थंडीत ती कमी, म्हणून यंत्र सूर्यापासून लांब बरं. पण व्यास दुप्पट केला की आतला माल आठपट आणि उष्णता सोडणारा पृष्ठभाग चौपटच. मोठा बटाटावडा आतून किती वेळ जीभ भाजतो ते आठवा.

त्यामुळे "एआय आता देव होणार" असले फॉरवर्ड आले की मी विचारतो, देवाचा व्यास किती? एआयने कुंडली जुळवणाऱ्यांना तर तेही विचारत नाही.

कथेतलं यंत्र आता फुटलंय. उत्तर गोलार्ध आणि दक्षिण गोलार्ध एकमेकांच्या शिळ्या बातम्यांवरून भांडतात. भाची म्हणते, आपल्या सोसायटीचे ए विंग आणि बी विंग.