छातीचा आवाज, डोक्याचा आवाज : म्युझिकलच्या गायनवर्गामागची पार्श्वभूमी

गायनवर्गातून तालमीच्या खोलीत जाताना म्युझिकलच्या विद्यार्थिनीला बहुधा एकच जिना चढावा लागतो. पण तेवढ्यात तिच्या वहीतील शब्दांचे अर्थ बदललेले असतात. सकाळी गायनशिक्षिकेने एका ओळीवर पेन्सिलीने ‘डोके’ असे लिहून तिथला वरचा स्वर हलक्या आवाजात घ्यायला लावलेला असतो. दुपारी संगीत दिग्दर्शक नेमका त्याच ओळीवर थांबतो, पियानोवर तो स्वर दोनदा ठोकतो आणि ‘हा छातीतून हवा’ असे सांगतो. ‘डोके’ खोडून ‘छाती’ लिहिले जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटे होते, आणि आठवड्याभरात कागद त्या जागी इतका झिजतो की खालची स्वरलिपी नीट वाचता येत नाही. या खाडाखोडीचा दोष विद्यार्थिनी सहसा स्वतःच्या गळ्याला देते. वास्तविक तो दोष तिचा नाही. गायनवर्ग आणि तालमीची खोली यांची कुळे वेगळी आहेत, आणि दोन्हीकडे वापरला जाणारा शब्दसंग्रह मात्र एकाच, त्यातही तिसऱ्याच, घरातून आलेला आहे.

(गाणे, नाच आणि अभिनय यांतून गोष्ट सांगणाऱ्या पाश्चात्त्य नाटकासाठी येथे ‘म्युझिकल’ हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. ‘संगीत नाटक’ म्हटले की मराठी वाचकाच्या कानात पदे आणि त्यांवरील ताना सुरू होतात, आणि तो आवाज निराळ्या घडणीचा आहे.)

ते तिसरे घर म्हणजे इटालियन ऑपेरा. बोलोन्या येथे १७२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गायनविषयक ग्रंथात छातीचा आवाज आणि डोक्याचा आवाज ही जोडी आढळते, आणि दोहोंमधला सांधा ऐकू येता कामा नये हा आग्रहही तिथेच आहे. आजच्या गायनवर्गातले निम्मे व्यायाम याच आग्रहाची वंशावळ सांगतात. वरच्या पातळ आवाजासाठी वापरला जाणारा ‘फाल्सेटो’ हा इटालियन शब्द तर ‘खोटा’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. आपल्याकडेही ‘खोटा आवाज’ म्हणतात. म्हणजे शब्द कानी पडण्याआधीच त्यावर निकाल लागलेला असतो.

एकोणिसाव्या शतकात या शब्दांना एक नाट्यमय वळण मिळाले. १८३७ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात एका टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाच्या, गायकाने तार पट्टीतला ‘सी’ हा स्वर, जो तोवर हलक्या आवाजात घेण्याची रीत होती, पूर्ण जोराने, ‘छातीतून’ घेतला. श्रोते वेडे झाले; मूळ संगीतकाराला मात्र तो गळा कापल्या जाणाऱ्या कोंबड्याच्या किंकाळीसारखा वाटला, अशी आख्यायिका आहे. बेल्टिंगविषयी, म्हणजे म्युझिकलमध्ये वरचे स्वरही छातीच्या जोराने घेण्याविषयी, पुढे दीडशे वर्षे चाललेल्या वादाचे सगळे सूर या एका प्रसंगात आधीच लागले होते : प्रेक्षकांना हवा असलेला जोर, जाणकारांचे नाक मुरडणे, आणि हे नेमके शरीरात होते तरी काय हा प्रश्न. १८४० मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या दोन डॉक्टरांनी या नव्या आवाजावर निबंध लिहिला आणि पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या एका गायनशिक्षकाने त्यावर आपला अग्रहक्क सांगितला. त्याच शिक्षकाने पुढे छोटा आरसा घशात धरून आणि त्यावर सूर्यप्रकाश परावर्तित करून स्वतःच्या हलत्या स्वरतंतूंचे निरीक्षण केले, आणि १८५५ मध्ये ते लंडनच्या विज्ञानसभेपुढे मांडले. आवाज स्वरयंत्रातच तयार होतो, छातीत किंवा डोक्यात नाही, हे त्याला इतर कोणाहीपेक्षा चांगले ठाऊक होते. तरीही १८९४ च्या आपल्या पुस्तकात त्याने ही नावे चुकीची पण रूढ आहेत असे म्हणून तीच ठेवली. माझ्या मते आजच्या गोंधळाची सर्वांत मोठी जबाबदारी या सौजन्यावर आहे.

मग ही नावे नेमकी कशाची? गाणाऱ्याला कंप कुठे जाणवतो, त्याची. खालच्या स्वरांना स्वरतंतू जाड राहतात, त्यांच्या कडा प्रत्येक आंदोलनात अधिक काळ एकमेकींना चिकटून असतात, आणि छातीवर हात ठेवल्यास थरथर लागते. वर जाताना तंतू ताणले जाऊन पातळ होतात, मिटण्याचा काळ घटतो, छातीची थरथर विरते आणि कवटीत काहीतरी वाजल्यासारखे वाटते. पहिल्या अवस्थेत तंतूंच्या आतला स्नायू पुढाकार घेतो, दुसरीत तंतू ताणणारा बाहेरचा स्नायू; दोघांची ओढाताण कधीच पूर्ण थांबत नाही. २००९ मध्ये काही संशोधकांनी या अवस्थांना शरीरातील जागेऐवजी क्रमांकाने ओळखण्याची पद्धत मांडली : पहिली यंत्रणा, दुसरी यंत्रणा. ती स्वच्छ आहे, आणि गायनवर्गात जवळजवळ कोणीही ती वापरत नाही. ‘हा स्वर पहिल्या यंत्रणेत घे’ असे सांगून कोणाचा गळा उघडेल असे वाटत नाही.

आता तालमीच्या खोलीचे कूळ. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या एका रंगभूमीवर, आधी लघुलेखिकेचे काम केलेल्या आणि गाण्याचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या एका तरुणीने एका गाण्याच्या आवर्तनात वरचा ‘सी’ धरला आणि तो सोळा बार, म्हणजे तालाचे सोळा खंड, सोडलाच नाही. चाल खाली वाद्यवृंद वाजवत राहिला. ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवायचे, तेही ब्रास वाद्यांवरून, हीच तेव्हाची गरज होती. या गरजेतून जो खणखणीत, बोलण्याच्या जवळचा, उघडा आवाज प्रस्थापित झाला त्याला ‘बेल्टिंग’ म्हणतात. हे तंत्र वर्गात जन्मले नाही आणि वर्गाने त्याला फार काळ दारात उभेही केले नाही.

याच्यामागचे भौतिकशास्त्र समजले की संगीत दिग्दर्शकाचे हट्ट हट्ट वाटत नाहीत. प्रत्येक स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर वाजत असतात, आणि तोंडाची पोकळी तिच्या आकारानुसार त्यांतल्या काहींना उचलून धरते. सेकंदाला ४४० कंपनांचा ‘ए’ हा पाश्चात्त्य स्वर गाताना दुसरा उपस्वर (मूळ स्वर हा पहिला धरून) ८८० वर येतो; ‘आ’सारख्या उघड्या स्वरवर्णाचा पहिला अनुनाद, म्हणजे पोकळी उचलून धरते ती सर्वांत खालची कंपनसंख्या, त्याच परिसरात असल्याने तो उपस्वर उसळतो आणि आवाज फारसा जोर न लावताही कर्ण्यासारखा लागतो. ‘ऊ’ किंवा ‘ई’चा पहिला अनुनाद ३०० च्या आसपास, म्हणजे फारच खाली, असतो. म्हणून बेल्टच्या जागी ‘ई’ आली की दिग्दर्शक ती ‘ए’ या स्वरवर्णाकडे उघडायला सांगतो, आणि विद्यार्थिनी पेन्सिलीने त्या अक्षरावर एक उताणा कंस काढते. गायनशिक्षिका तोच स्वरवर्ण गोल करायला सांगते, कारण तिच्या परंपरेत दुसऱ्या उपस्वराला असे उसळू न देणे हेच कौशल्य आहे. दोघेही बरोबर आहेत. दोघांना वेगवेगळे उपस्वर हवे आहेत.

प्रदीर्घ काळ मात्र हे असे समजुतीने मांडले गेले नाही. बेल्टिंगने स्वरतंतू बिघडतात हे गृहीत धरून अनेक शिक्षणसंस्थांत ते शिकवणे तर सोडाच, वर्गात करून दाखवणेही निषिद्ध होते. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस म्युझिकलचे स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू झाले, तरी त्यांतले गायनशिक्षक बहुतांशी ऑपेराच्या मुशीतले होते. परिणाम विचित्र झाला. विद्यार्थिनी वर्षभर वर्गात कलागीते, म्हणजे मैफलीत पियानोच्या साथीने गायची शास्त्रोक्त पाश्चात्त्य गीते, शिकत, परीक्षा त्यांवरच देत, आणि तालमीत लागणारा आवाज रात्री एकट्याने, कोणतेही मार्गदर्शन नसताना, ध्वनिमुद्रिकांची नक्कल करून कमावत. ज्या इजेच्या भीतीने बंदी घातली होती, ती इजा होण्याला याहून सोयीची व्यवस्था शोधूनही सापडली नसती. हे मी कडवटपणे लिहितो आहे याची जाणीव आहे, आणि चुकीच्या पद्धतीने केलेल्या बेल्टिंगने स्वरतंतूंवर गाठी आल्याची उदाहरणे खरोखरच होती हेही नमूद केले पाहिजे. पण चुकीच्या पद्धतीने कशानेही गाठी येतात.

बदल १९८० च्या दशकात सुरू झाला. एका गायिका-संशोधिकेने गळ्याच्या स्नायूंतील विद्युतक्रिया मोजून बेल्ट आणि शास्त्रोक्त पाश्चात्त्य आवाज यांची तुलना केली आणि तो अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून बेल्ट ही बिघडलेली अवस्था नसून वेगळी, स्नायूंना अधिक राबवणारी घडण आहे, हे मांडण्याला आधार मिळाला. सुमारे २००० पासून या सगळ्या गायनाला ‘अशास्त्रीय’ असे नकारात्मक नाव न देता ‘समकालीन व्यावसायिक संगीत’ म्हणावे, असा प्रघात पुढे आला. हे नाव मराठीत आणताना फारच अडचण होते : ‘व्यावसायिक’ म्हणावे तर ऑपेरातली गायिकाही व्यावसायिकच असते, आणि ‘धंदेवाईक’ म्हणावे तर ती शिवी होते. मूळ नावातही ही खोच आहेच. २००८ मध्ये अमेरिकेतील एका जुन्या, प्रतिष्ठित गायनशिक्षक-मंडळाने निवेदन काढून या गायनाला स्वतःचे तंत्र आहे आणि ते स्वतंत्रपणे शिकवले पाहिजे, असे मान्य केले. म्हणजे १९३० च्या त्या सोळा बारांनंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी.

दरम्यान तालीम स्वतः बदलत होती. १९४३ च्या ‘ओक्लाहोमा!’मध्ये स्वप्नदृश्याच्या नृत्यासाठी मुख्य पात्रांच्या जागी नर्तक येत. गाणारे गात, नाचणारे नाचत. १९५७ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ने हा सोयीचा वाटा मोडला. गाणे, नाच आणि अभिनय एकाच नटसंचाकडून करून घ्यायचा तर वेळ लागणारच, म्हणून तिच्या तालमींना आठ आठवडे दिले गेले, जे तेव्हाच्या रिवाजापेक्षा बरेच अधिक होते. पुढे गायकांचा आणि नर्तकांचा असे दोन निराळे कोरस पोसणे निर्मात्यांना परवडेना, आणि १९७५ मध्ये ‘अ कोरस लाइन’ने तर ऑडिशनच्या रांगेत उभ्या असलेल्या नर्तकांनाच गाणारी पात्रे केले. आज नृत्यशिक्षक ‘पोट आत’ म्हणतो आणि गायनशिक्षिका ‘पोट सोड’ म्हणते, त्या पेचाचा उगम येथे आहे. नर्तकाला धड घट्ट हवे असते, गायिकेला श्वास घेताना पोटाची भिंत बाहेर येऊ द्यायची असते. मुरलेले नट यावर बरगड्यांच्या बाजूने श्वास घेण्याचा मधला मार्ग काढतात, पण तो वर्गात क्वचित शिकवला जातो; तो उड्या मारत गाताना तिसऱ्या आठवड्यात कधीतरी सापडतो.

मायक्रोफोनने उरलेला घोळ घातला. १९६० च्या दशकात नटाच्या अंगावर बिनतारी मायक्रोफोन येऊ लागले आणि ऐंशीच्या दशकात ते केसांच्या कडेशी, कपाळावर स्थिरावले. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याची गरज संपली, तरी बेल्ट संपला नाही. तो जोर न राहता रंग झाला. उलट तो वर चढत गेला. १९३० चा तो ‘सी’ सुमारे ५२३ कंपनांचा होता. २००३ मधल्या एका गाजलेल्या म्युझिकलमध्ये बेल्ट ‘एफ’पर्यंत, म्हणजे जवळपास ६९८ पर्यंत पोहोचला. या उंचीवर दुसरा उपस्वर १४०० च्या घरात जातो आणि कोणताही स्वरवर्ण कितीही उघडला तरी त्याचा पहिला अनुनाद तिथवर सहजी जात नाही. म्हणून तिथे गायिका जे करते ते जुन्या अर्थाचे बेल्टिंग उरत नाही. तंतू पातळ होऊ द्यायचे आणि ऐकणाऱ्याला ते जाड वाटावेत अशी तोंडाची ठेवण करायची, असा तो बनाव असतो. त्याला ‘मिक्स’ म्हणतात, आणि त्याची व्याख्या दोन शिक्षकांत सारखी सापडत नाही.

तालमीत मात्र मायक्रोफोन नसतो. चार-पाच आठवडे बंद खोलीत पियानो, पावलांचे आवाज आणि वीस जणांचा कोरस यांवरून गायचे, आणि मग वाद्यवृंदासोबतच्या पहिल्या बैठ्या तालमीत, जिला ‘सित्झप्रोब’ हे जर्मन नाव अजूनही चिकटून आहे, एकाएकी ध्वनिक्षेपणाची सोबत मिळायची. तोवर जोर लावायची सवय गळ्यात बसलेली असते. अनुभवी नट त्याआधीच्या तालमी आवाज राखून, अर्ध्या गळ्याने करतात; विद्यार्थिनीला तसे करण्याचा अधिकार आहे की नाही हेच तिला कळत नाही, कारण अर्ध्या गळ्याने गाणे आणि मन लावून न गाणे यांतला फरक लांब बसलेल्या दिग्दर्शकालाही नेहमी कळत नाही.

ऑडिशनच्या जाहिरातींत आता भूमिकेच्या वर्णनाखाली स्वरांची मर्यादा दोन भागांत दिलेली असते : बेल्ट अमुक स्वरापर्यंत, मिक्स त्याच्या दोन-तीन स्वर वर. विद्यार्थिनी ती ओळ घेऊन गायनशिक्षिकेकडे जाते आणि विचारते की माझा बेल्ट कुठे संपतो. शिक्षिका पियानोवर एकेक अर्धस्वर चढवत नेते, एका ठिकाणी थांबते आणि ‘इथे’ म्हणते. तालमीच्या खोलीत संगीत दिग्दर्शक त्याच्या पुढचे आणखी दोन अर्धस्वर वाजवतो.