वाऱ्याला वाट देणारे कुंपण

पावसाळा तोंडावर आला आणि परसबागेच्या मोडक्या कुंपणाची डागडुजी काढली, की कोकणात बहुतेकांचा पहिला प्रश्न नव्या पत्र्याच्या किंवा तट्टीच्या मजबुतीविषयी असतो. प्रत्यक्षात कुंपण आडवे होते ते बहुधा तट्टी कच्ची होती म्हणून नव्हे, तर तिने अडवलेल्या वाऱ्याचा भार खुंटांना पेलला नाही म्हणून. त्यामुळे बदली भाग निवडताना तो किती भक्कम आहे यापेक्षा त्यातून किती वारा पार जातो, हे आधी पाहावे.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटर वाऱ्यात सहा फूट उंच आणि आठ फूट लांब अशा अखंड पत्र्यावर ढोबळमानाने ३४ किलो वजनाइतका भार येतो. वेग ८० झाला की तो दुप्पट नव्हे, चौपट होतो, म्हणजे सुमारे १३५ किलो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात धडकले तेव्हा वाऱ्याने ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडला होता, आणि तेवढ्या वेगाला हाच हिशेब दोनशे किलोंच्या पुढे जातो. हा सगळा भार जमिनीपासून सरासरी तीन फुटांवर लागतो, त्यामुळे खुंटाच्या बुडाशी त्याचा जोर कैक पटींनी जाणवतो. शिवाय जिथे जांभ्याचा कातळ वर आलेला असतो, तिथे खुंटासाठी फूटभर खड्डा खणतानाही पहार टेकीला येते.

फटी ठेवून विणलेल्या कामट्यांची तट्टी इथे सरस ठरते. निम्म्याच्या आसपास जागा मोकळी असेल तर खुंटांवरचा भार बराच उतरतो आणि आतल्या रोपांना आडोसाही अधिक चांगला मिळतो. अखंड आडोशावरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे करत खाली येतो आणि मिरचीची रोपे किंवा नवी कलमे पिळवटून टाकतो. सच्छिद्र कुंपण मात्र वाऱ्याचा वेग मोडते, आणि त्याचा परिणाम उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत टिकतो. हिरवी शेडनेट दुहेरी करून ताणून बांधण्याची पद्धत अलीकडे बरीच दिसते, पण तिने जाळीचा मूळ फायदाच निघून जातो.

तट्टीसाठी माणगा किंवा चिवार जातीचा बांबू घ्यावा. माणग्याची काठी जवळजवळ भरीव असते, म्हणून खुंटालाही ती चालते. बांबूचा खरा शत्रू त्याच्यातला पिष्टमय पदार्थ, कारण घुणे किडा त्यावरच पोसतो. तीन वर्षांपेक्षा जून काठी पावसाळा सरल्यावर तोडून काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याच्या जुन्या रिवाजामागे हेच रसायन आहे: पिष्ट आणि साखर पाण्यात झिरपून जाते आणि किडीला खायला उरत नाही. कुजण्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात, आणि ती एकत्र मिळतात जमिनीच्या पातळीवर, वरखाली वीतभर पट्ट्यात. वाऱ्याचा जोरही नेमका तिथेच सर्वाधिक असतो. मोडलेला खुंट उपटून पाहिला तर खालचे टोक पुष्कळदा शाबूत निघते, वरचा भाग वाजवला तर खणखणीत असतो आणि मधला पट्टा नखाने उकरता येतो. म्हणून डांबर लावायचे ते केवळ पुरल्या जाणाऱ्या टोकाला नव्हे, तर मातीवर वीतभर येईल इथपर्यंत.

लोखंडी जाळी निवडायची असेल तर तिच्या तारेच्या जाडीइतकेच जस्ताच्या थराकडे लक्ष द्यावे. हे जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते, आणि समुद्रालगत त्याची झीज वर्षाला ४ ते ८ मायक्रॉनपर्यंत जाऊ शकते. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या जाड लोखंडी खांबावर थर ८५ मायक्रॉनच्या घरात असतो, तर विद्युत-मुलाम्याच्या स्वस्त तारेवर तो जेमतेम ५ ते १० मायक्रॉन भरतो. अशी तार दोन पावसाळ्यांतच तांबूस पडली तर नवल नाही. हवेतील मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते कोरड्या वाटणाऱ्या हवेतूनही ओल ओढतात. पाऊस हे मीठ धुऊन नेतो, म्हणून पत्र्याच्या वळचणीची, पाऊस न लागणारी बाजू आधी गंजते. उन्हाळ्यात तिच्यावर अधूनमधून गोडे पाणी मारणे ही साधी पण उपयोगी गोष्ट आहे. सिमेंटच्या पोलांना भेगा पडण्याचे कारणही मीठच. ते आतल्या सळईपर्यंत पोहोचते, गंजाने सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते.

तट्टी खुंटाला बांधण्यासाठी तारेऐवजी काथ्या वापरावा. त्यात लिग्निन भरपूर असल्याने तो खाऱ्या ओलीत इतर नैसर्गिक दोरांपेक्षा जास्त टिकतो, आणि फार जोराचा वारा आलाच तर खुंटाआधी तुटतो. उडालेली तट्टी पुन्हा बांधता येते. मोडलेल्या खुंटासाठी कातळ पुन्हा फोडावा लागतो. जिथे माती पुरेशी खोल आहे, तिथे मृगाच्या सुमारास गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या फांद्या रोवल्या तर त्या मूळ धरतात, आणि जिवंत असेपर्यंत त्या खुंटांना डांबराचीही गरज पडत नाही.