आधी भट्टी बघावी : पिझ्झाच्या पारखीमागचा इतिहास

नव्या गावात उतरलं की तिथला चांगला पिझ्झा शोधायची सवय आता आपल्याकडेही पुष्कळांना लागली आहे. कोणी चीजची तार किती लांब येते ते बघतं, कोणी वर काय काय घातलंय ते मोजतं, कोणी कडा कुरकुरीत आहे की नाही एवढ्यावर निकाल देतं. या निकषांना मोठा इतिहास आहे. तो माहीत नसला की न्यूयॉर्कच्या तुकड्याला इटलीतल्या नेपल्सची पट्टी लावली जाते, नेपल्सच्या पिझ्झाला आपल्या गावातली, आणि सगळ्यांवरच अन्याय होतो. माझ्या मते या इतिहासाचा धागा भट्टीत सापडतो. भट्टी बदलली तशी चांगल्या पिझ्झाची व्याख्याही बदलत गेली.

सुरुवात नेपल्सची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथे पिझ्झा हे गोरगरिबांचं, रस्त्यावर उभ्याने खायचं अन्न होतं. घरात चूल पेटवायला ना जागा, ना लाकडं, अशा माणसांची ती न्याहारी आणि तेच रात्रीचं जेवण. बाहेरून आलेल्यांना ते पाहवत नसे. पुढे तारयंत्रामुळे नावारूपाला आलेला सॅम्युअल मोर्स १८३१ च्या सुमारास नेपल्सला गेला होता. टोमॅटोच्या चकत्या आणि बारीक मासे घातलेला हा प्रकार गटारातून काढलेल्या पावासारखा दिसतो, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. चाखून बघितल्याचा मात्र त्यात उल्लेख नाही.

अलेक्झांडर ड्यूमा या फ्रेंच लेखकाची नजर जास्त बारकाईची होती. १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात पिझ्झाला बाजाराचा तापमापक म्हटलंय. माशांचा पिझ्झा स्वस्त झाला की समजावं, जाळ्यात भरपूर मासळी आली. तेलाचा महागला की समजावं, यंदा पीक बुडालं. एका गोष्टीत मात्र तो बहुधा फसला. आठ दिवसांचा शिळा पिझ्झाही विकतात, असं त्याने लिहिलं. नेपल्समध्ये 'आठवर' पिझ्झा घेणं म्हणजे आज खायचं आणि आठ दिवसांनी पैसे द्यायचे. उधारीचा व्यवहार पाहुण्याला शिळेपणाचा वाटला. बाहेरून येऊन खाद्यपदार्थावर मत देणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

१८८४ मध्ये माटिल्डे सेराओ या नेपल्सच्या पत्रकार लेखिकेने एक अनुभव नोंदवला. एका नेपल्सकराने रोममध्ये पिझ्झाचं दुकान काढलं. आधी उत्सुकतेने गर्दी झाली, मग ती ओसरली आणि दुकान बसलं. आपल्या गल्लीतून उचलून नेलेला पिझ्झा परक्या शहरात उपराच राहिला.

इटलीच्या राणी मार्गेरिताची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. १८८९ साली राफाएले एस्पोझितो या नेपल्सच्या पिझ्झावाल्याने राणीसाठी टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीच्या जातीच्या बेसिलच्या पानांचा पिझ्झा केला आणि त्याला तिचं नाव मिळालं. ज्या आभारपत्रावर ही कथा उभी आहे, त्यावरच्या शिक्क्याबद्दल आणि अक्षराबद्दल अलीकडे अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. शिवाय मोझरेला आणि बेसिल घातलेल्या पिझ्झाचं वर्णन १८६६ च्या एका पुस्तकातच सापडतं. कथा खरी असो वा नसो, मार्गेरिता हाच परीक्षेचा पिझ्झा ठरला. त्याच्याही आधीचा मारिनारा तर आणखी उघडा असतो : टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. चीजचं पांघरूण नाही. पीठ नीट आंबलं नसेल तर लपायला जागाच नाही. १८७० पासून चालत आलेल्या नेपल्सच्या 'दा मिकेले'ने पिढ्यानपिढ्या हेच दोन पिझ्झे विकले, आणि लोक तासन् तास रांगा लावतात. नवीन ठिकाणी पहिल्यांदा साधाच पिझ्झा मागवावा, हा नियम इथून आलेला आहे.

पिझ्झा करायचं काम जवळून बघितलं तर आपल्याला ओळखीचं वाटतं. कारागीर आंबलेल्या पिठाचा गोळा संगमरवरी ओट्यावर ठेवतो, बोटांच्या टोकांनी मधून बाहेर दाबत जातो आणि कडेला हात लावत नाही. मग या तळव्यावरून त्या तळव्यावर पलटतो. लाटणं वर्ज्य. लाटलं तर पिठातली हवा निघून जाते आणि कडा फुगत नाही. म्हणजे पिझ्झा पोळीसारखा लाटायचा नसतो, भाकरीसारखा थापायचा असतो. भट्टीत एका बाजूला लाकडं रचलेली, ज्वाला वरच्या घुमटाला चाटून पलीकडे वळते. दीड मिनिटाच्या आत पिझ्झा बाहेर येतो. कडेवर भाकरीला पडतात तसे काळे ठिपके, आणि मध्यभाग इतका ओलसर की पहिल्यांदा मला तो चक्क कच्चा वाटला होता. तो कच्चा नसतो. एवढ्या धगीत एवढा कमी वेळ राहिल्यावर पाणी उडून जायला वेळच मिळत नाही. तिथे लोक तो काट्या-सुरीने खातात, नाहीतर चार घड्या घालून, पैशाच्या पाकिटासारखा.

हे सगळं नियमात बसलं ते फार उशिरा. बाजारात कारखान्यातले आणि घाईचे पिझ्झे वाढले तेव्हा, १९८४ साली, नेपल्सच्या जुन्या पिझ्झावाल्यांनी 'असोचात्सिओने वेराचे पित्सा नापोलेताना' ही अस्सल नेपल्स पिझ्झाची संघटना उभी केली. २०१० मध्ये युरोपीय संघानेही त्याला पारंपरिक पदार्थाचं संरक्षण दिलं. व्यास ३५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, मध्यभाग साधारण ०.४ सेंटिमीटर जाड, कडा १ ते २ सेंटिमीटर, लाकडाची भट्टी ४८५ अंश सेल्सियस, वेळ ६० ते ९० सेकंद. पिझ्झा मऊ असावा आणि त्याची सहज घडी व्हावी, हेही त्यात लिहिलंय. कुरकुरीतपणाची अपेक्षा मुळातच नाही. २०१७ मध्ये नेपल्सच्या पिझ्झा कारागिरांच्या कलेला युनेस्कोची मान्यता मिळाली.

अमेरिकेत गेलेल्या इटालियन माणसांच्या हाती वेगळीच भट्टी आली. न्यूयॉर्कच्या बेकऱ्यांमध्ये दगडी कोळशाच्या मोठ्या भट्ट्या होत्या. स्प्रिंग स्ट्रीटवरचं 'लोम्बार्डीज' १९०५ चं म्हणून प्रसिद्ध आहे, त्याआधीही शहरात पिझ्झेरिया, म्हणजे पिझ्झाची दुकानं, होत्या असं नव्या संशोधनातून पुढे आलंय. कोनी आयलंडचं 'टोटोनोज' १९२४ चं, ब्लीकर स्ट्रीटचं 'जॉन्स' १९२९ चं. कोळशाची धग कोरडी. पिझ्झा नेपल्सपेक्षा जास्त वेळ आत राहतो, मोठा आणि पातळ होतो, तळ करपायच्या उंबरठ्यावर येतो. अमेरिकेतल्याच न्यू हेवनमध्ये फ्रँक पेपेने १९२५ मध्ये दुकान काढलं. त्या गावात साधा पिझ्झा म्हणजे टोमॅटो आणि वर किसलेलं थोडं कडक चीज, मोझरेला वेगळं मागावं लागतं. हे माहीत नसलेला पाहुणा 'चीज घालायला विसरले' म्हणून नाराज होतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर गॅसच्या सपाट, कप्प्याकप्प्यांच्या भट्ट्या स्वस्त आणि सोप्या झाल्या. त्यांची आच कमी, त्यामुळे पिझ्झा सावकाश भाजतो, तळ टणक होतो. कमी पाण्याचं मोझरेला, मोठा गोल, त्याचे आठ तुकडे, आणि मागितला की तुकडा पुन्हा गरम करून कागदी बशीत. न्यूयॉर्कचा तुकडा तो हाच. त्याची परीक्षा हातात होते. मधोमध दुमडल्यावर टोक ताठ राहिलं पाहिजे, लोंबकळलं तर तळ नीट भाजलेला नाही. तुकडा उलटा करून खालचा रंग बघायची सवय यातूनच आली, आणि माझ्या लेखी कुठल्याही पिझ्झाची ती सगळ्यात प्रामाणिक चाचणी आहे. ड्यूमाचा तापमापक इथेही पुन्हा दिसला. १९८० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एकाने नोंदवलं की कित्येक वर्षं एका तुकड्याची किंमत आणि भुयारी रेल्वेचं भाडं बरोबरीने चढत आलंय.

पिझ्झासाठी मुद्दाम प्रवास करणं ही त्या मानाने अलीकडची गोष्ट. अमेरिकेतल्या फिनिक्समधल्या क्रिस बियांको या पिझ्झावाल्याला २००३ साली जेम्स बिअर्ड हा तिथला मानाचा खाद्यपुरस्कार मिळाला, आणि वाळवंटातल्या त्या शहरात लोक रांगेत तासन् तास उभे राहू लागले. इटलीच्या कासेर्ता प्रांतातलं कायात्सो हे छोटं गाव फ्रांको पेपेच्या पिझ्झामुळे नकाशावर आलं. २०१७ पासून '५० टॉप पिझ्झा' ही यादी ओळख न देता जाणारे परीक्षक पाठवून क्रम लावते. मला मात्र 'गाम्बेरो रोस्सो' या इटालियन मार्गदर्शकाची पद्धत जास्त पटते. ते बसून खायच्या पिझ्झाला 'तुकडे' देतात आणि कापून, वजनावर विकल्या जाणाऱ्या रोमच्या धर्तीच्या पिझ्झाला वेगळी 'चाकं', म्हणजे पिझ्झा कापायची चाकं. दोन जातींची एकाच रांगेत तुलनाच करत नाहीत.

आपल्याकडे पट्टी कशी घडली? न्यूयॉर्कचे खाद्यलेखक सॅम सिफ्टन यांचं एक निरीक्षण आहे : मूल पहिल्यांदा जो पिझ्झा बघतं आणि खातं, तोच त्याच्यासाठी पिझ्झा ठरतो. महाराष्ट्रातल्या माझ्या वयाच्या अनेकांसाठी तो बेकरीतून पाकिटात आणलेला तयार बेस होता. त्यावर टोमॅटो सॉस, कांदा, ढोबळी मिरची, डब्यातलं चीज किसून, आणि झाकण ठेवून तव्यावर. तव्याने तळ खमंग व्हायचा, वरून मात्र फक्त वाफ. १९९६ मध्ये दिल्लीत डॉमिनोज आणि बंगळुरूत पिझ्झा हट आलं, तेव्हा जाड, लोण्यासारखा मऊ बेस आणि भरपूर चीज हा नमुना मनात बसला. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा आपल्या शहरांत येऊ लागल्यावर 'करपलाय', 'मध्ये ओला आहे', 'चीज कमी आहे' या तक्रारी आल्या त्या याच पट्टीमुळे. गोव्यात लाकडाच्या भट्टीतला पाव घरोघरी ओळखीचा, त्यामुळे किनाऱ्यावरच्या लाकडी आचेच्या पिझ्झावरचे काळे डाग तिथे कमी खटकतात असा माझा अनुभव आहे.

आता भट्टीच पुन्हा बदलते आहे. नेपल्सजवळच्या सान विताल्यानो गावाने २०१५ च्या अखेरीस धुरामुळे गाळणी नसलेल्या लाकडी भट्ट्यांवर बंदी घातली. न्यूयॉर्कमध्ये २०२४ पासून जुन्या कोळशाच्या आणि लाकडाच्या भट्ट्यांना धुरातले कण ७५ टक्क्यांनी कमी करणारी यंत्रणा बसवायला सांगितलंय. नेपल्सच्या संघटनेनेही चाचणीत उतरलेल्या काही गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्यांना मान्यता दिली आहे. विजेच्या भट्टीतून आलेल्या मार्गेरिताचा तळ मी उलटून बघितला आहे. ठिपके होते, घडीही होत होती. लाकडाचा वास मात्र नव्हता, आणि दीड मिनिटात तो पिझ्झाला कितपत लागत असेल, यावर खुद्द पिझ्झावाल्यांचंही एकमत नाही.