आइल ऑफ मॅन टीटी

ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या आयरिश समुद्रातील मॅन बेटावर दरवर्षी मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला भरणारी मोटरसायकल शर्यत. ‘टीटी’ म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी. पहिली शर्यत २८ मे १९०७ रोजी झाली. टीटी बंदिस्त सर्किटवर होत नाही. गावांच्या मधून, दगडी कुंपणांना लागून आणि घाट चढून जाणाऱ्या रोजच्या रहदारीच्या रस्त्यावर ती होते. शर्यतीपुरता रस्ता बंद करतात आणि ती आटोपली की त्याच रस्त्यावरून पुन्हा बस आणि ट्रॅक्टर धावू लागतात. दोन महायुद्धे, २००१ मधील जनावरांची लाळ्या-खुरकूत साथ आणि २०२०-२१ मधील करोना एवढ्यांनीच तिच्यात खंड पाडला आहे.

बेटच का?

याचे उत्तर कायद्यात सापडते. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची, वेगमर्यादा घातली. शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ते बंद करायला तिथल्या संसदेची तयारी नव्हती. मॅन बेट मात्र ब्रिटिश राजसत्तेच्या छत्राखाली असले, तरी युनायटेड किंग्डमचा भाग नाही. त्याची स्वतःची संसद आहे, टिनवॉल्ड. गॉर्डन बेनेट चषक या आंतरराष्ट्रीय मोटार शर्यतीसाठी ब्रिटिश मोटारींची निवड चाचणी घेता यावी म्हणून टिनवॉल्डने १९०४ मध्ये रस्ते बंद करण्याचा कायदा केला. पुढच्याच वर्षी मोटरसायकलींची निवड चाचणी तिथे झाली आणि त्यातून स्वतंत्र शर्यतीची कल्पना निघाली. निव्वळ शर्यतीसाठी घडवलेली हलकी यंत्रे नकोत, गिऱ्हाईक प्रवासाला वापरते तशीच गाडी धावावी, असा आग्रह होता. ‘टुरिस्ट’ हा शब्द नावात आला तो त्यामुळे.

पहिली शर्यत

१९०७ चा मार्ग सेंट जॉन्स गावाभोवतीचा, एका फेरीला सुमारे साडेपंचवीस किलोमीटरचा होता. अशा दहा फेऱ्या मारायच्या होत्या. पंचवीस स्वार उतरले. एक सिलिंडर आणि दोन सिलिंडर असे दोन गट होते आणि दोन्हींना इंधनाची मर्यादा होती. एक सिलिंडरच्या गाडीने गॅलनला ९० मैल, तर दोन सिलिंडरच्या गाडीने ७५ मैल जायलाच हवे. आपल्या हिशेबात हे लिटरला अनुक्रमे ३२ आणि साडेसव्वीस किलोमीटर होतात. गाडी घेताना आपल्याकडे आजही आधी ‘ॲव्हरेज किती देते?’ असेच विचारतात. जगातील सर्वांत धाडसी मानल्या जाणाऱ्या शर्यतीचा जन्म याच प्रश्नातून झाला, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. अध्येमध्ये दहा मिनिटांची सक्तीची विश्रांतीही होती.

रस्ते कच्चे होते. धूळ बसावी म्हणून त्यांवर आम्लमिश्रित पाणी शिंपडले होते आणि त्याने स्वारांच्या कपड्यांना भोके पडली. चार्ली कॉलियरने मॅचलेस गाडीवर चार तास आठ मिनिटांत, ताशी साडेएकसष्ट किलोमीटर या सरासरीने एक सिलिंडरचा गट जिंकला. दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर पहिला आला. त्याची गाडी नॉर्टनची, पण इंजिन प्यूजोचे होते. वाटेत पट्टा निसटणे, प्लग जाणे, टायर फाटणे असे सगळे त्याच्या वाट्याला आले. दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या ट्रायम्फच्या जॅक मार्शलच्या बाजूने तक्रार झाली, की कॉलियरने चढावर सायकलसारखे पेडल मारून गाडी वर नेली. १९०८ मध्ये पेडलवर बंदी आली आणि एक सिलिंडरचा गट मार्शलने जिंकला.

मार्की द मूझिली सेंट मार्स यांनी दिलेला चषक चांदीचा आहे. पंखांच्या चाकावर उभा असलेला रोमन देव मर्क्युरी, असे त्याचे रूप. ज्येष्ठ (सीनियर) गटाच्या, म्हणजे मोठ्या इंजिनांच्या मुख्य शर्यतीच्या, विजेत्याला आजही तोच मिळतो.

डोंगरावरचा मार्ग

१९११ मध्ये शर्यत स्नेफेल डोंगराच्या मार्गावर गेली आणि तिचा खरा इतिहास तिथून सुरू होतो. डग्लस या राजधानीतून निघून पश्चिमेला बॅलाक्रेन, मग उत्तरेला कर्क मायकेल, बॅलॉ, सल्बी करत रॅमझी आणि तिथून डोंगर चढून पुन्हा डग्लस, असा हा वळसा आहे. आजची लांबी ६०.७ किलोमीटर असून वाटेत दोनशेहून अधिक वळणे आहेत. सुरुवात समुद्रसपाटीजवळ होते आणि सर्वांत उंच जागा ४२२ मीटरवर आहे. डग्लसमध्ये ऊन असताना डोंगरावर गच्च धुके असू शकते आणि तसे अनेकदा असते.

चढ मुद्दामच निवडला होता. तोवरच्या बहुतेक गाड्यांना एकच गिअर आणि चामड्याचा पट्टा असे. सपाटीवर हे चाले, डोंगरावर पट्टा घसरे. दोन गिअर आणि चेन असलेल्या अमेरिकेच्या इंडियन गाड्यांनी त्या वर्षी ज्येष्ठ गटात पहिले तीन क्रमांक पटकावले. ऑलिव्हर गॉडफ्री पहिला आला. आपल्या देशात बनलेल्या गाड्या घरच्या शर्यतीत हरल्याचे पाहून ब्रिटिश कारखानदार गिअरबॉक्सच्या मागे लागले. डोंगरावरची ती वाट तेव्हा गाडीवाटेसारखीच होती. सरावाला पहाटे पहिल्यांदा जाणाऱ्याने मेंढरांसाठी लावलेली फाटके उघडत पुढे जायचे, अशी रीत होती.

त्याच वर्षी सरावात, ग्लेन हेलनजवळ, व्हिक्टर सरिज हा स्वार मरण पावला. टीटीतील हा पहिला मृत्यू. १९१४ मध्ये हेल्मेट सक्तीचे झाले. कुठल्याही देशाच्या रहदारीच्या कायद्याने ते मागण्याच्या कितीतरी आधी या शर्यतीने ते मागितले.

दोन महायुद्धांच्या मधला काळ ब्रिटिश गाड्यांचा होता: नॉर्टन, व्हेलोसेट, रज. डब्लिनच्या स्टॅन्ली वूड्सने या काळात दहा शर्यती जिंकल्या. १९३९ मध्ये जर्मनीचा गेओर्ग मायर बीएमडब्ल्यूवर ज्येष्ठ गट जिंकून गेला. ज्येष्ठ गट जिंकणारा तो पहिला परदेशी स्वार. तीन महिन्यांत युद्ध पेटले आणि पुढची टीटी व्हायला १९४७ उजाडले.

विश्वविजेतेपदाची वर्षे

१९४९ मध्ये मोटरसायकल शर्यतींचे विश्वविजेतेपद सुरू झाले आणि त्याची अगदी पहिली शर्यत मॅन बेटावर झाली. पुढे जवळजवळ तीन दशके टीटी जिंकल्याशिवाय मोठा स्वार म्हणवून घेता येत नसे. १९५७ च्या सुवर्णमहोत्सवी ज्येष्ठ शर्यतीत स्कॉटलंडच्या बॉब मॅकिन्टायरने गिलेरा गाडीवर इथली पहिली शंभर मैलांची, म्हणजे ताशी १६१ किलोमीटरच्या वरची, फेरी मारली. ती शर्यत आठ फेऱ्यांची होती, साधारण ४८६ किलोमीटरची. तीन तास एकाच वाकलेल्या बैठकीत!

जपानी कंपन्यांची कहाणी इथे जरा सविस्तर सांगायला हवी. सोइचिरो होंडा यांनी १९५४ मध्ये आपल्या कामगारांपुढे जाहीर केले, की आपण टीटीत उतरणार. तेव्हा कंपनी आर्थिक ओढाताणीत होती आणि युरोपात तिचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. होंडाचे स्वार प्रत्यक्ष बेटावर पोचले ते १९५९ मध्ये. त्या वर्षी १२५ सीसीची शर्यत डोंगरावर नव्हती, क्लिप्स नावाच्या छोट्या मार्गावर होती. नाओमी तानिगुची सहावा आला आणि कंपनीला सांघिक पारितोषिक मिळाले. दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, १२५ आणि २५० सीसी या दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक होंडाचे होते. दोन्हींत पहिला माइक हेलवुड होता आणि त्याच आठवड्यात त्याने नॉर्टनवर ज्येष्ठ गटही जिंकला. पुढच्या वर्षी सुझुकीने ५० सीसीची शर्यत घेतली. ब्रिटिश मोटरसायकल उद्योगाची पीछेहाट बाजारात दिसायच्या आधी या बेटावर दिसली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९६७ ची ज्येष्ठ शर्यत आजही जाणकार आठवतात. होंडावर हेलवुड, एमव्ही अगुस्तावर इटलीचा जाकोमो अगोस्तिनी. हेलवुडच्या गाडीची ॲक्सिलरेटरची मूठ सैल झाली. इंधनाला थांबल्यावर त्याने हातोडा मागून ती ठोकून बसवली आणि पुन्हा निघाला. पाचव्या फेरीत अगोस्तिनी पुढे असताना त्याची चेन तुटली. हेलवुडने त्या दिवशी ताशी १७५ किलोमीटरची फेरी मारली आणि हा विक्रम आठ वर्षे टिकला.

बायकांची वाट इथे फार अवघड होती. १९५४ मध्ये जर्मनीची इंगे श्टोल साइडकारमध्ये बसून उतरली आणि टीटीत भाग घेणारी पहिली स्त्री ठरली. बेरिल स्वेन १९६२ मध्ये ५० सीसीच्या गटात एकटीने धावली. त्यानंतर तिचा शर्यतीचा परवानाच काढून घेण्यात आला. हा अन्याय होता, आणि टीटीच्या इतिहासात तो तसाच नोंदला जायला हवा. २०१० मध्ये जेनी टिनमथने ताशी १९३ किलोमीटरची फेरी मारली.

किंमत

१९७० च्या टीटीत सहा स्वार मरण पावले. १९७२ मध्ये पाऊस आणि धुक्यात १२५ सीसीची शर्यत सुरू करण्यात आली आणि डोंगरावरच्या व्हरांडा या वळणावर इटलीचा जिल्बेर्तो पार्लोत्ती गाडीसकट कोसळून मरण पावला. त्या घडीला विश्वविजेतेपदाच्या गुणतक्त्यात तो सर्वांत पुढे होता. त्याचा मित्र अगोस्तिनीने पुन्हा इथे न येण्याचे ठरवले. तोवर त्याच्या नावावर या बेटावरचे दहा विजय होते. इतर मोठे स्वारही दूर राहू लागले. शेवटी १९७६ नंतर टीटीचा विश्वविजेतेपदाचा दर्जा गेला आणि ब्रिटनची शर्यत सिल्व्हरस्टोनच्या सर्किटवर हलली.

डोंगराच्या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वारांनी जीव गमावला आहे. यात सराव आणि त्याच रस्त्यावर होणाऱ्या मॅन्क्स ग्रां प्री या दुसऱ्या शर्यतीतील मृत्यूही येतात. हेल्मेट, हेलिकॉप्टर, रुग्णवाहिका, कुंपणांवरच्या गाद्या, सगळे आले. पण घर, झाड आणि विजेचा खांब रस्त्यापासून दूर सरकवता येत नाहीत. विक्रमांची यादी देऊन ही नावे गाळणे हा त्या माणसांचा अपमान ठरेल. सुज्ञ माणसांची मते इथे दुभंगलेली आहेत, आणि शर्यत बंद करा म्हणणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. चालू ठेवा म्हणणारे एवढेच सांगतात, की इथे यायची सक्ती कोणावर नाही.

नंतरची टीटी

दर्जा गेल्यावर टीटी विझेल असे अनेकांना वाटले होते. ती विझली नाही, याचे बरेचसे श्रेय दोन माणसांना आहे. पहिला हेलवुड. अकरा वर्षांनी, वयाच्या ३८ व्या वर्षी, १९७८ मध्ये तो परतला आणि डुकाटीवर टीटीतील फॉर्म्युला वन नावाची मोटरसायकल शर्यत जिंकून गेला. दुसरा उत्तर आयर्लंडच्या बॅलिमनी गावचा जोई डनलप. १९७७ ते २००० या काळात त्याने २६ शर्यती जिंकल्या. अबोल माणूस, स्वतः गाडी दुरुस्त करायचा, आणि फावल्या दिवसांत व्हॅनमध्ये कपडे व अन्न भरून रुमानिया, अल्बेनिया, बोस्नियातील अनाथाश्रमांना नेऊन द्यायचा. २००० मध्ये ४८ व्या वर्षी त्याने एका आठवड्यात तीन शर्यती जिंकल्या आणि महिनाभरातच, २ जुलैला, एस्टोनियातील टॅलिन इथे शर्यतीत त्याचा मृत्यू झाला. डोंगरावर बंगलो या ठिकाणी त्याचा पुतळा आहे: गाडीवर बसलेला, रस्त्याकडे पाहणारा. त्याचा २६ विजयांचा विक्रम २०२४ मध्ये त्याचा पुतण्या मायकेल डनलप याने मोडला आणि त्या वर्षाअखेर तो आकडा २९ वर नेला.

वेगाचे सांगायचे तर १९११ मध्ये एका फेरीला सुमारे पाऊण तास लागे. २००७ च्या शताब्दी वर्षी जॉन मॅकगिनेसने ताशी १३० मैलांचा टप्पा ओलांडला. २०२३ मध्ये पीटर हिकमनने ही फेरी १६ मिनिटे ३६ सेकंदांत पूर्ण केली, म्हणजे सरासरी ताशी २१९ किलोमीटर. तीही दुकानात मिळणाऱ्या गाडीत फारसे बदल न करता चालणाऱ्या सुपरस्टॉक गटात. ‘टुरिस्ट’ या शब्दाचा मूळ आग्रह या गटात अजून थोडा शिल्लक आहे.

भारताशी या शर्यतीचे धागे कारखान्यांतून जुळले आहेत. पहिल्या वर्षी जिंकलेली नॉर्टन कंपनी २०२० पासून चेन्नईच्या टीव्हीएसकडे आहे. मार्शलला विजय देणाऱ्या ट्रायम्फच्या ४०० सीसी गाड्या बजाज ऑटो पुण्याजवळ चाकणला बनवते. आणि २००९ मध्ये विजेवरच्या मोटरसायकलींची शर्यत बेटावर पहिल्यांदा झाली, ती रॉब बार्बरने अग्नी या भारतीय कंपनीच्या मोटरीवर चालणाऱ्या गाडीवर जिंकली.

शर्यतीची रीत

एकल गाड्यांचे स्वार एकत्र सुटत नाहीत. दर दहा सेकंदांनी एक, असे ते निघतात. त्यामुळे रस्त्यावर पुढे असलेला शर्यतीतही पुढे असेलच असे नाही. लढत घड्याळाशी असते. सहा फेऱ्यांच्या शर्यतीत दोनदा इंधन भरावे लागते आणि तिथे गमावलेले सेकंद डोंगरावर भरून काढणे कठीण जाते. खरी तयारी मार्ग पाठ करण्याची. कुठल्या घराच्या भिंतीपाशी गिअर पाडायचा, कुठल्या झाडाखाली रस्ता ओलसर राहतो, बॅलॉच्या कमानी पुलावरून गाडी उडते तेव्हा ती कशी सरळ उतरवायची, हे शिकायला वर्षे जातात. नवख्याला आधी अनुभवी स्वारामागून हळू फेरी मारावी लागते.

रस्त्याच्या कडेला शर्यतीवर देखरेख करणारे पाचशेच्या वर स्वयंसेवक (मार्शल) उभे असतात. त्यांत बेटावरचे शिक्षक, शेतकरी, कारागीर असतात, तसेच सुट्टी काढून समुद्रापलीकडून आलेलेही असतात. त्यांची संख्या पुरली नाही तर सराव सुरूच होत नाही. पूर्वी मधल्या रविवारी शर्यत नसे आणि प्रेक्षक आपापल्या गाड्या घेऊन त्याच मार्गावर निघत; त्याला ‘मॅड संडे’ म्हणत. त्या पंधरवड्यात डोंगराचा रस्ता रॅमझीकडून डग्लसकडे एकेरी ठेवतात. शर्यत संपल्यावर ‘रस्ता खुला’ अशी पाटी लावलेली एक गाडी संपूर्ण मार्गावरून जाते. ती पुढे सरकली, की आडवे लावलेले दोर सुटतात आणि अडकून पडलेली गावे आपापल्या कामाला निघतात.