मल्टिगेम बोर्ड आणि जॅमा स्विचर: नाव सारखं, काम वेगळं

जुन्या आर्केड कॅबिनेटमध्ये (नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या पेटीत) एकाहून जास्त गेम हवे असतील तर दोन वस्तू समोर येतात. दोन्हींना सर्रास ‘मल्टी’ म्हटलं जातं, आणि चुकीची वस्तू घरी येते ती तिथेच.

मल्टिगेम बोर्ड म्हणजे एकच छोटा बोर्ड. अनेक गेम, बऱ्याचदा साठ किंवा त्याहून जास्त, त्याच्यातच भरलेले असतात आणि ते चालवणारा एम्युलेटरही (मूळ यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) त्याच्यातच. स्विचरमध्ये मात्र एकही गेम नसतो. तुमच्याकडचे मूळ गेम बोर्ड त्याला जोडायचे. कॅबिनेटची वायरिंग आळीपाळीनं एकेका बोर्डाच्या ताब्यात देणं एवढंच त्याचं काम. म्हणून हाताशी मूळ बोर्ड नसतील तर स्विचर घेऊन उपयोग नाही.

दोन्ही जोडली जातात ती एकाच कनेक्टरवर. जॅमा ही जपानमधली आर्केड यंत्र उत्पादकांची संघटना होती. तिनं १९८५ पासून रूढ केलेल्या जोडणीत ५६ पिना असतात, बोर्डाच्या दोन्ही बाजूंना २८-२८, लगतच्या दोन पिनांत ३.९६ मिलिमीटर अंतर. ५ व्होल्ट पिन ३ आणि ४ वर, १२ व्होल्ट पिन ६ वर, ग्राउंड (शून्य व्होल्टची परतीची लाइन) दोन्ही टोकांना. सातव्या पिनेच्या जागी बोर्डाला खाच आणि कनेक्टरमध्ये प्लास्टिकची बारीक पट्टी असते. जुन्या हार्नेसमधून (कॅबिनेटमधल्या वायरींच्या कनेक्टरसह जुडग्यातून) ही पट्टी बऱ्याचदा गळून गेलेली असते, ती आधी तपासा. पट्टी नसली तर कनेक्टर उलटाही बसतो. ग्राउंड दोन्ही टोकांना असल्यामुळे ते ग्राउंडवरच येतं आणि वरवर काही बिघडलेलं दिसत नाही. पण पिन ६ चे १२ व्होल्ट विरुद्ध बाजूच्या पिन २३ वर, म्हणजे बटण क्रमांक २ च्या इनपुटवर जातात आणि तिथली चिप जळू शकते.

कॅबिनेट १९८५ च्या आधीचं असेल, तर दोन्हींपैकी काहीही बसवण्यापूर्वी अडॅप्टर किंवा नवा जॅमा हार्नेस लागेल, सोबत ५ आणि १२ व्होल्ट देणारा स्विचिंग पॉवर सप्लायही. पॅक-मॅनचा मूळ बोर्ड ट्रान्सफॉर्मरकडून एसी घेतो आणि त्याचे ५ व्होल्ट स्वतःवरच तयार करतो. तो ट्रान्सफॉर्मर जॅमा बोर्डाला थेट चालत नाही.

आता मल्टिगेम बोर्ड. बसवणं सोपं आहे: वीज बंद, डिप स्विच (बोर्डावरचे सेटिंगचे बारीक स्विच) लावा, कनेक्टर घाला, वीज चालू, ५ व्होल्ट मोजा. डिप स्विचची घाई करू नका. बहुतेक बोर्डांवर एक स्विच चित्राच्या ओळींचा वेग १५ किलोहर्ट्झ की ३१ किलोहर्ट्झ हे ठरवतो आणि त्यांवर सीजीए (१५), व्हीजीए (३१) असं लिहिलेलं असतं. मूळ ट्यूबच्या मॉनिटरला १५ लागतात. ३१ दिले तर चित्र फाटून तिरक्या पट्ट्या दिसतात आणि मॉनिटरवर विनाकारण ताण येतो. अशा वेळी लगेच वीज बंद करा.

दुसरी अडचण विचित्र वाटेल: हा बोर्ड करंट फारच कमी ओढतो. जुन्या गेम बोर्डांसाठी बनवलेल्या काही सप्लायना ५ व्होल्टच्या लाइनवर किमान लोड लागतो. तो मिळाला नाही की व्होल्टेज हेलकावतं, आवाज गुरगुरतो किंवा बोर्ड रीसेट होत राहतो. उपाय सोपा आहे. ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये ५ ओहमचा रेझिस्टर लावा. त्यातून १ अँपिअर जाईल आणि ५ वॅट उष्णता निघेल, म्हणून रेझिस्टर किमान १० वॅटचा घ्या आणि लाकडापासून दूर, धातूच्या पट्टीवर बसवा.

सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या जॉयस्टिकच्या, आणि त्यात बोर्डाचा दोष नसतो. पॅक-मॅन आणि डॉन्की काँग चार दिशांचे गेम, ‘१९४२’ हा गेम आठ दिशांचा. मल्टिगेम बोर्डावर ते शेजारी शेजारी असतात. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर पॅक-मॅन खेळताना वळणावर काठी जराशी तिरकी गेली की दोन मायक्रोस्विच एकाच वेळी दाबले जातात. गेमला ‘वर’ आणि ‘उजवीकडे’ दोन्ही ऐकू येतात, वळण हुकतं आणि मागचं भूत गाठतं. खेळणाऱ्याला वाटतं बोर्ड उशिरा प्रतिसाद देतोय. काठीभोवतीची रोधक चकती चार आणि आठ दिशांमध्ये फिरवता येईल अशीच जॉयस्टिक घ्या. उभा मॉनिटर की आडवा, हेही आधीच ठरवावं लागतं. पॅक-मॅन, गॅलागा, ‘१९४२’ हे उभे. स्ट्रीट फायटर २ आडवा. उभ्या गेमचा बोर्ड आडव्या मॉनिटरला जोडला तर पॅक-मॅनचा चक्रव्यूह कुशीवर पडलेला दिसेल.

एम्युलेशनमध्ये काही गेमचे आवाज किंवा वेग मुळाबरहुकूम नसतात. ज्यानं मूळ यंत्रावर तो गेम शेकडो वेळा खेळलाय त्याला फरक कळतोच. तो फरक तुम्हाला सलत असेल, तर स्विचरचा खटाटोप सार्थकी लागेल.

स्विचरच्या अडचणी सगळ्या विजेच्या. पहिला प्रश्न विचारा: हा स्विचर वीजही बदलतो, की फक्त सिग्नल? सगळे बोर्ड सतत चालू राहणार असतील तर करंटची बेरीज होते. प्रत्येकी ३ अँपिअर घेणारे तीन बोर्ड म्हणजे ९ अँपिअर, आणि ते सगळे कॅबिनेटच्या कनेक्टरवरच्या ५ व्होल्टच्या चारच संपर्कांतून जाणार. संपर्क काळवंडतात, तापतात, व्होल्टेज पडतं. म्हणून सप्लायपासून स्विचरपर्यंत ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जाड वायरी वेगळ्या ओढा. सप्लायवर ५.०५ दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. मीटरची टोकं गेम बोर्डावर लावा, गेम चालू असताना. तिथे ४.९५ ते ५.१० हवेत. ४.८ च्या खाली बरेच बोर्ड रीसेट होतात किंवा चित्रात कचरा दाखवतात.

वीजही बदलणारा स्विचर असेल तर वेगळंच घडतं. बंद पडलेला बोर्ड निर्जीव नसतो. बटणाच्या सामाईक लाइनवरचा करंट त्याच्या पुल-अप रेझिस्टरमधून (बटण मोकळं असताना लाइन ५ व्होल्टवर धरणारा रेझिस्टर) त्याच्या मेलेल्या ५ व्होल्टच्या लाइनवर शिरतो, लाइन खाली ओढली जाते, आणि चालू गेमला कुणीच न दाबलेलं बटण दाबल्यासारखं वाटतं. आपोआप उड्या मारणारा खेळाडू दिसला की बटण बदलत बसू नका, कारण हे आहे. चांगले स्विचर प्रत्येक लाइन वेगळी तोडतात. स्वतः जोडत असाल तर प्रत्येक बोर्डाच्या प्रत्येक इनपुटला डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) लावा, डायोडवरच्या पट्टीची बाजू बटणाकडे. इथे शॉट्की डायोडच (ज्यावर व्होल्टेज कमी पडतं) वापरा. साध्या १एन४१४८ डायोडवर ०.६ ते ०.७ व्होल्ट पडतात आणि गेम बोर्डावरची टीटीएल जातीची चिप जेमतेम ०.८ पर्यंतच ‘दाबलं’ असं मानते. कनेक्टर थोडा मळला तरी बटण कधी लागेल, कधी नाही.

चित्राचंही तसंच. लाल, हिरवा, निळा आणि सिंक (चित्र जागेवर धरणारा सिग्नल) या चारही लाइन तुटल्या नाहीत तर बंद बोर्डांमुळे चित्र फिकट पडतं. स्पीकरच्या दोन्ही वायरी बदलल्या गेल्या पाहिजेत, कारण काही बोर्डांत स्पीकरची वजा बाजू म्हणजे ग्राउंड नसतं. ती ग्राउंडला टेकवली तर अँप्लिफायर जाऊ शकतो.

मूळ जॅमात प्रत्येक खेळाडूला तीनच बटणं आहेत. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ ला सहा लागतात, आणि लाथांची तीन वेगळ्या हार्नेसनं येतात. बहुतेक स्विचर त्यांना हात लावत नाहीत. असा एकच बोर्ड असेल तर तो हार्नेस थेट त्याला जोडा. दोन असतील तर वरचेच डायोड इथेही लागतील.

दोन्ही वस्तू एकत्रही नांदतात. स्विचरच्या एका जागी मल्टिगेम बोर्ड आणि बाकीच्या जागी मूळ बोर्ड ही मांडणी चालते, फक्त सगळ्यांचा मॉनिटर एकाच दिशेचा हवा. सप्लायच्या स्क्रूनं ५ व्होल्ट जुळवताना सगळ्यात जास्त करंट घेणारा बोर्ड चालू ठेवा, मग मल्टिगेम बोर्डावर स्विच करून पुन्हा मोजा. लोड कमी झाल्यावर व्होल्टेज चढतं, ते ५.२ च्या वर गेलं तर सप्लायचा स्क्रू पिळून जमणार नाही, वायरी जाड करायला हव्यात. हे सगळं करताना मॉनिटरच्या ट्यूबला आणि तिच्या मागच्या बोर्डाला हात लावू नका. वीज बंद केल्यावरही तिथे हजारो व्होल्ट टिकून असू शकतात.